देश नंतर, आधी विषयांची यादी

*ताई,*
*मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पर्यावरणशास्त्र. पुढच्या वर्षी एका सत्रासाठी परदेशातल्या विद्यापीठात एक्स्चेंजवर जायचं मनात आहे. रोज रात्री वेगवेगळ्या विद्यापीठांच्या वेबसाइट उघडून बसते, पण प्रवेशाच्या पानावरची फी बघितली की हातपाय गळतात. एका सल्लागाराने ‘एक्स्चेंजची जागा नक्की मिळवून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागितलेत. माझे मार्क बरे आहेत, पण मी वर्गात पहिली-दुसरी नाही. आमच्या पुढच्या वर्षातली एक मुलगी जाऊन आली, तर परतल्यावर तिला इथल्या दोन विषयांच्या परीक्षा द्याव्या लागल्या. ते ऐकल्यापासून आई-बाबांचं एकच पालुपद, ‘वर्ष वाया जाईल.’ सुरुवात कुठून करू? आणि ते मोटिव्हेशन लेटर म्हणतात, त्यात नेमकं काय लिहायचं असतं?*
*– संभ्रमात पडलेली*

प्रिय संभ्रमात पडलेली,

तू चुकीच्या दारावर टकटक करते आहेस, म्हणून आतून फीचा आकडा ऐकू येतोय. ज्या पानावर तू रोज रात्री जातेस ते पूर्ण पदवी करायला येणाऱ्यांसाठी असतं. एक्स्चेंजचा रस्ता तिथून जातच नाही. तो तुझ्या स्वतःच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातून सुरू होतो.

कारण साधं आहे. एक्स्चेंज म्हणजे दोन विद्यापीठांमधला करार. तुमची काही मुलं आमच्याकडे, आमची काही तुमच्याकडे, आणि प्रत्येकाने फी आपापल्या घरच्या विद्यापीठात भरायची. त्यामुळे तिकडची शिक्षण फी माफ असते. जागा मोजक्या असतात, आणि त्यांवर कोणाला पाठवायचं हे आधी तुझं विद्यापीठ ठरवतं. त्याला नॉमिनेशन म्हणतात. नॉमिनेशन गेल्यावर तिकडचं विद्यापीठ तुला अर्जाची लिंक पाठवतं. म्हणजे अर्ज दोन: पहिला घरी, दुसरा तिकडे. खरी निवड बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यात होते, दुसरा टप्पा कागदपत्रं नीट असतील तर सहसा सुरळीत पार पडतो.

आता त्या सल्लागाराचं काय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. जे नॉमिनेशन फक्त तुझं विद्यापीठ देऊ शकतं, ते तो कुठून आणणार? तो बहुधा तुला ‘व्हिजिटिंग स्टुडंट’ म्हणून पाठवेल, म्हणजे सत्राची पूर्ण फी तू भरायचीस आणि वर त्याचं कमिशन. तो मार्ग बेकायदा नाही, पण तो एक्स्चेंज नाही. आणि त्या मार्गाने जायचं असलं तरी बहुतेक विद्यापीठांत अर्ज स्वतः करता येतो.

तेव्हा पहिलं काम: आंतरराष्ट्रीय विभागातून भागीदार विद्यापीठांची यादी मिळव. यादी बघताना एक गोष्ट नक्की विचार, की कोणता करार सगळ्या शाखांना लागू आहे आणि कोणता एखाद्याच विभागापुरता. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतले करार बऱ्याचदा विषयवार असतात. यादीत नाव दिसतं, पण जागा असतात फक्त वास्तुकलेच्या मुलांना. उलटही घडतं. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या विभागासाठी केलेला छोटा करार मुख्य यादीत ठळकपणे दिसत नाही आणि त्या जागा रिकाम्या राहतात. म्हणून तुझ्या विभागाच्या समन्वयकांनाही जाऊन भेट. मेल नको, प्रत्यक्ष भेट.

इरॅस्मसचं नाव आलंच आहे तर एक गोंधळ इथेच मिटवते. इरॅस्मस प्लसची देवाणघेवाण आणि ‘इरॅस्मस मुंडुस’ हे दोन वेगळे प्रकार. मुंडुस म्हणजे अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम, तिथे अर्ज थेट त्या गटाकडे करायचा असतो. तो पदवीनंतरचा विषय. तुझ्या उपयोगाचा प्रकार म्हणजे एक-दोन सत्रांची देवाणघेवाण. ती साधारण २ ते १२ महिन्यांची असते, आणि युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मिळू शकते, फक्त दोन विद्यापीठांत तसा करार हवा.

आता तुझ्या पत्रातल्या माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याकडे येते. ते फीचं नाही, मार्कांचंही नाही. ते आहे त्या मुलीच्या दोन परीक्षांचं. आई-बाबांची भीती अगदी योग्य जागी बोट ठेवते, आणि ही अडचण एक्स्चेंजइतकीच जुनी आहे. किंबहुना आजचं एक्स्चेंज त्या अडचणीतूनच जन्माला आलं. सोफिया कोराडी ही इटालियन तरुणी १९५७ मध्ये अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तुलनात्मक कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन परतली. रोममधल्या तिच्या विद्यापीठाने त्या अभ्यासाला काडीची किंमत दिली नाही. तिकडे जे शिकलीस ते इथे धरणार नाही, असं तिला वर सुनावण्यात आलं. पुढे त्या शिक्षणतज्ज्ञ झाल्या आणि परदेशात केलेला अभ्यास मायदेशी मोजला गेलाच पाहिजे, यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिल्या. १९८७ मध्ये इरॅस्मस सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. कोराडींना लोक ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणू लागले ते उगाच नाही.

त्या लढाईतून जो कागद हाती आला त्याचं नाव लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिकडे तू कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) किती आणि त्या बदल्यात इथले कोणते विषय माफ होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावर तीन सह्या लागतात: तुझी, तुझ्या विद्यापीठाची आणि तिकडच्या विद्यापीठाची. इरॅस्मसमध्ये हा कागद सक्तीचा आहे. इतर करारांत त्याला दुसरं नाव असेल, किंवा कोणी मागणारही नाही. कोणी मागितला नाही तरी तू करून घे. ‘परत आल्यावर बघू’ असं कोणी प्रेमाने म्हणालं, तर तितक्याच प्रेमाने सही माग.

हा कागद तयार कसा करायचा? देशांचा नकाशा बाजूला ठेव आणि तुझ्या पुढच्या दोन-तीन सत्रांचा अभ्यासक्रम समोर घे. सक्तीचे विषय कोणते, ऐच्छिक कोणते, यावर खुणा कर. ज्या सत्रात ऐच्छिक विषय जास्त, ते तुझं जायचं सत्र. प्रयोगशाळेचं सक्तीचं काम किंवा अंतिम प्रकल्प ज्या सत्रात आहे ते टाळ, कारण नेमके तेच विषय बाहेर जुळवणं सगळ्यात कठीण. मग भागीदार विद्यापीठांच्या अभ्यासक्रम-सूचीत जा आणि तुझ्या विषयांशी जुळणारे विषय शोध. नावावर जाऊ नकोस. तुमच्याकडे ‘जलविज्ञान’ या नावाने जे शिकवतात ते तिकडे ‘पाणलोट क्षेत्राचं व्यवस्थापन’ या नावाखाली असू शकतं, आणि नाव हुबेहूब तेच असलेला विषय आतून भलताच निघू शकतो. दोन्हीकडचा तपशीलवार पाठ्यक्रम शेजारी-शेजारी ठेव. प्राध्यापकही तुलना त्यावरूनच करतील.

क्रेडिटचा हिशेब युरोपात सोपा आहे. पूर्ण वर्षाचे ६०, सत्राचे ३०, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम. त्यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. इतर देशांत मोजमाप वेगळं असतं, त्यामुळे तुमच्याकडे रूपांतर कसं करतात ते लेखी विचार. त्याच मेलमध्ये हेही विचार, की तिकडचे ग्रेड तुझ्या सरासरीत धरतात की नुसतं ‘उत्तीर्ण’ लिहितात. दोन्ही पद्धती चालतात, आणि कोणती लागू आहे ते आधी कळलं तर किती अवघड विषय घ्यायचे ते तुला ठरवता येतं.

पाच विषय लागणार असतील तर आठ-नऊ शोधून ठेव. हे मी जोर देऊन सांगते आहे. तिकडे पोचल्यावर कळतं की एक विषय या सत्रात शिकवतच नाहीत, दुसऱ्याच्या जागा भरल्या आहेत, तिसरा आणि चौथा एकाच वेळेला आहे, आणि पाचवा इंग्रजीत असेल असं वाटलं होतं तो स्थानिक भाषेत निघाला. हे फारच सर्रास घडतं. विषय बदलायला हरकत नसते, पण बदल झाला की पहिल्या काही आठवड्यांतच कागद सुधारून तिन्ही सह्या पुन्हा घ्यायच्या असतात. तुझ्या त्या ओळखीच्या मुलीचं नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. विषय बदलले जातात आणि कागद जुनाच राहतो. तिला विचारून बघ. तिच्याकडून तुला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

वेळेचं गणित उलटं मांडायचं असतं. जायच्या तारखेपासून मागे मोज, साधारण एक वर्ष. तिकडच्या विद्यापीठाची नॉमिनेशनची मुदत सत्र सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी असते, आणि तुझ्या विद्यापीठाची अंतर्गत मुदत त्याच्याही आधी. शिवाय सगळ्या देशांची सत्रं एकाच वेळी सुरू होत नाहीत. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी एप्रिल ते सप्टेंबर. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. ऑस्ट्रेलियात पहिलं सत्र फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि दुसरं जुलैच्या सुमारास सुरू होतं. तिकडची परीक्षा फेब्रुवारीत आणि तुझं पुढचं सत्र जानेवारीत, अशी गाठ पडली तर काय करायचं हे दोन्हीकडे आधीच विचारायला हवं. कधी लवकर परीक्षा देता येते, कधी नाही.

मार्कांची काळजी तू करते आहेस त्याहून कमी कर. बहुतेक ठिकाणी किमान सरासरीची अट असते, आणि ती पार केली की बाकीच्या गोष्टी मोजल्या जातात. एक उदाहरण देते. जपानच्या जासो या सरकारी संस्थेच्या एक्स्चेंज शिष्यवृत्तीसाठी तिच्या पद्धतीने काढलेली सरासरी ३ पैकी २.३० लागते. चांगली आहे, पण ती पहिल्या नंबराची अट नाही. (ही शिष्यवृत्ती यजमान जपानी विद्यापीठामार्फत मिळते, म्हणून तिची चौकशी त्यांच्याकडे करायची.) खरी चुरस असते ती गावांच्या नावांवर. जगप्रसिद्ध राजधान्यांच्या जागांवर सगळे तुटून पडतात आणि पसंतिक्रमात तीच तीन नावं लिहितात. तू पहिली पसंती हवी ती दे, पण दुसरी आणि तिसरी अशा विद्यापीठांना दे जिथे तुझ्या विषयाचं काम चांगलं आहे आणि ज्या शहराचं नाव तुझ्या वर्गात कोणी ऐकलेलं नाही.

भाषेच्या परीक्षेची फी भरण्याआधी एक मेल कर. आयेल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात आणि या परीक्षा स्वस्त नाहीत. पण एक्स्चेंजसाठी अनेक विद्यापीठं तुझ्या विद्यापीठाने दिलेलं भाषेच्या पातळीचं पत्र मान्य करतात. युरोपात साधारण बी२ पातळी मागतात, म्हणजे मध्यमाच्या थोडी वरची. पत्रावर काम भागत असेल तर परीक्षा कशाला?

आता मोटिव्हेशन लेटर. निवड समितीला त्यातून मुळात दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हिला इथेच का जायचंय, आणि ही विषय पास होऊन परत येईल का. ‘मला लहानपणापासून प्रवासाची आवड आहे’, ‘नवीन संस्कृती अनुभवायची आहे’, ‘माझी क्षितिजं विस्तारायची आहेत’ ही वाक्यं प्रत्येक पत्रात असतात, आणि विद्यापीठाचं नाव बदललं तरी ती तशीच चालतात. म्हणूनच ती निरुपयोगी. माझी कसोटी अशी: तुझ्या पत्रातलं विद्यापीठाचं नाव खोडून दुसरं लिहिलं आणि पत्र तरीही बरोबर वाटलं, तर ते पत्र पुन्हा लिही.

त्याऐवजी असं काहीतरी लिही: ‘दुसऱ्या वर्षी मी नदीपात्रातल्या गाळाचे नमुने तपासण्याच्या प्रकल्पात होते. नमुने कसे घ्यायचे ते शिकले, पण जमिनीखालच्या पाण्यात तेच प्रदूषण कसं पसरतं याचा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही. तुमच्याकडे तिसऱ्या वर्षाला भूजल प्रदूषणाचा विषय क्षेत्रकामासह आहे. तो माझ्या ऐच्छिक विषयाच्या जागी धरायला आमच्या विभागाने संमती दिली आहे, आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प मला त्यावरच करायचा आहे.’ चार वाक्यांत तू काय केलंस, काय हवंय, ते तिथेच का आहे आणि परत येऊन काय करणार, सगळं आलं. विषय जुळवण्याचं काम आधी केलं असेल तरच हे लिहिता येतं. पत्र एक पान पुरे. घरची परिस्थिती, वैयक्तिक अडचणी हे विचारलं असेल तरच लिही. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसापेक्षा तुझं काम जवळून पाहिलेल्या शिक्षकांकडून घे, त्यांना तीन आठवडे तरी दे, आणि तुझ्या पत्राचा मसुदा सोबत दे, म्हणजे दोन्ही पत्रं एकमेकांना धरून बोलतील.

पैशांबद्दल स्पष्टच सांगते. फी माफ म्हणजे फुकट नव्हे. खोली, जेवण, विमा, प्रवास, व्हिसा हे सगळं राहतंच, आणि कित्येक देश तेवढे पैसे आहेत याचा पुरावा आधी मागतात. जर्मनीत त्यासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ असतं, म्हणजे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि तिकडे दरमहा ठरावीकच काढता येतात असं खातं. त्याची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो अशी धरली जाते. एक सत्र असेल तर तेवढ्याच महिन्यांचा हिशेब, आणि शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर तेही पुरावा म्हणून चालतं. अमेरिकेत एक्स्चेंजसाठी जे-१ व्हिसा लागतो. त्यासाठीचा डीएस-२०१९ हा फॉर्म तुला स्वतःला मिळवता येत नाही, तो तिकडचं विद्यापीठ पाठवतं. प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण देणारा विमाही सक्तीचा असतो. जे-१ वाल्यांपैकी काहींना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. पुढे अमेरिकेत नोकरीचा विचार असेल तर ती तुला लागू आहे का हे कागदावर बघून घे. शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिला हप्ता बऱ्याचदा तिकडे पोचल्यावर, बँक खातं उघडल्यानंतर येतो. त्यामुळे पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च आणि खोलीची अनामत जवळ असायलाच हवी. हे जमणार नसेल तर ते आंतरराष्ट्रीय विभागाला आधीच सांगण्यात लाज नाही. काही ठिकाणी आगाऊ रक्कम देण्याची सोय असते, पण ती मागणाऱ्यालाच कळते.

स्वीकृतिपत्र आलं की त्याच दिवशी दोन कामं कर: वसतिगृहाचा अर्ज आणि व्हिसाच्या भेटीची वेळ. वसतिगृहाच्या जागा लवकर संपतात आणि मग मुलं घाईघाईने इंटरनेटवर खोली शोधतात. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक ‘सध्या परदेशात’, आणि किल्ली पाठवण्याआधी अनामत हवी. ही फसवणूक इतकी जुनी आहे की तिची वाक्यंसुद्धा बदललेली नाहीत. खोली न बघता, करार न करता पैसे पाठवायचे नाहीत.

आई-बाबांशी वाद घालू नकोस, त्यांना कागद दाखव. सह्या झालेलं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, खर्चाचा तक्ता आणि परतल्यावरच्या सत्राचं वेळापत्रक. आणि हे तीन कागद तयार होतच नसतील, म्हणजे पुढच्या एकाही सत्रात विषय जुळत नसतील, तर त्यांचं म्हणणं खरं आहे असं समज आणि सत्राऐवजी सुट्टीतल्या काही आठवड्यांच्या समर स्कूलचा विचार कर. काही अभ्यासक्रमांची बांधणीच अशी असते की सहा महिने बाहेर जाणं परवडत नाही.

एक शेवटची गोष्ट परीक्षा विभागाला आत्ताच विचारून ठेव. तिकडची गुणपत्रिका सत्र संपल्यावर काही आठवड्यांनी येते, तोवर इथला तुझा निकाल अडकलेला दिसेल. त्याच काळात पदव्युत्तर प्रवेशाची किंवा नोकरीच्या अर्जाची मुदत येत असेल, तर तात्पुरतं प्रमाणपत्र कोण देतं आणि त्यासाठी किती दिवस आधी अर्ज करावा लागतो, ते लिहून घे.

– तुझी ताई